पावलाईचा बांबू

खरं सांगते, त्या शुक्रवारी माझ्या तोंडून काय काय निघालं ते मला सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते अंगणवाडीच्या बाईला शोभणारं नाही. पण माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्ही तरी काय आरती म्हटली असतीत?

आधी कोट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव कोटखार. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि खाडीपलीकडे न्हावा शेव्याच्या क्रेनी. गावाच्या टोकाला टेकडी, टेकडीवर कोट. कोट म्हणजे फार मोठा किल्ला समजू नका. अर्धी पडलेली तटबंदी, एक बुरूज, बाकी करवंदीच्या जाळ्या. फिरंग्यांनी बांधला म्हणतात, मग मराठ्यांनी घेतला म्हणतात. म्हणणारे पुष्कळ आहेत. खाडीकडच्या तटाला चिकटून एक दगडी कोठी आहे. तीन पायऱ्या, बुटकं दार, दाराला हिरवा पडदा. आत माणूस वाकूनच उभा राहील एवढी उंची. फरशीवर देवीची दोन पावलं, आणि दोन पावलांच्या मधे एक लांबट भोक. ती आमची पावलाई.

ही कोठी कुणी आणि कशाला बांधली, कुणालाच ठाऊक नव्हतं. पनवेलहून दुर्गप्रेमी पोरं यायची, कचरा वेचायची, भाषणं करायची. त्यांनीच बाहेर पाटी लावली, 'अज्ञात वास्तू'. एक म्हणायचा, गलबतांना दिवा दाखवायची जागा. दुसरा म्हणायचा, वरून उकळतं तेल ओतायची जागा. तिसऱ्याला खजिन्याचा वास आला होता. पण हे सगळे बोलणार बाहेर उभं राहून. कारण आत पुरुषानं जायचं नाही. बायकांतसुद्धा फक्त सवाष्णीनं जायचं. एका प्राध्यापकानं एकदा पडद्याच्या फटीतून मोबाइल आत घातला, तर आमच्या बायकांनी त्याला पायथ्यापर्यंत पोचवून दिला. त्याची एक चप्पल अजून जाळीत आहे.

आता रीत सांगते. गावात सून आली की लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तिच्या मुंडावळ्या पावलाईला सोडायच्या. सासू हात धरून सुनेला वर नेते. सून मुंडावळ्या त्या भोकात टाकते आणि मागं न बघता बाहेर येते. सासू आत एकटी थांबते, पावलांना हळदशेंदूर लावते, मग पायरीवर येऊन मोठ्यानं सांगते, "गेली गो बाय, गेली!" की खाली बायका टाळ्या पिटतात, बत्तासे वाटतात. गेली म्हणजे देवीनं घेतली, संसाराला आता धक्का नाही.

गावात आजवर एकीचीच अडकली. माझी.

माझं लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि तोंडाला आजच्यापेक्षा जास्त धार होती. तिसऱ्या दिवशी टेकडी चढताना ऊन मी म्हणत होतं. अंगावर जड लुगडं, पायात नवी जोडवी, आणि सासू सोनूबाई सारखी कानाशी, "मान खाली. मान खाली." मी फटकन बोलले, "मान खाली घालून धोंड्यावर आपटले तर तुम्ही उचलून न्याल का?" मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. सोनूबाईनं माझ्या मनगटावरची पकड आवळली. वर गेलो, मी मुंडावळ्या टाकल्या, बाहेर आले. ती आतच. बराच वेळ झाला. मग पडदा सरला, ती पायरीवर आली आणि म्हणाली, "अडकली."

एवढंच बोलली. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच खाली आले. बत्ताशांची पिशवी कुणी उघडलीच नाही.

काळूराम, म्हणजे माझा नवरा, हसला होता. म्हणाला, "अडकली तर अडकली, भोक लहान असंल." असा होता तो. चौथ्या वर्षी गेला. कंटेनरच्या एका यार्डात ट्रेलरवर क्लीनर होता. ट्रेलर मागं घेताना मागं उभा राहून शिट्टी मारायचं काम. हेमाली तेव्हा आठ महिन्यांची. बातमी आली तेव्हा मी ओटीवर मटकन बसले, आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य कानावर आलं ते माझ्या सासूचं. "हिची अडकली व्हती."

त्यानंतर तीस वर्षं मी तेच ऐकत आले. माझं नाव केसर, पण गावात 'अडकलेली' म्हटलं की अनोळखी माणसालासुद्धा माझं घर दाखवायचे. कुणाच्या हळदीला मी गेले की ताट हळूच दुसरीकडे सरकायचं. अंगणवाडीत त्यांचीच पोरं माझ्या मांडीवर मुतलेली चालतात, पण लग्नाच्या मांडवात माझी सावली चालत नाही. मी भांडायची. भांडून भांडून घसा बसायचा. तरी खरं सांगू? घरी येऊन दिवा मालवला की मला वाटायचं, नसती बोलले टेकडीवर, तर नसती अडकली. माझ्याच तोंडानं माणूस खाल्ला.

हेमालीची दोन स्थळं ह्याच पायी मोडली. आईची अडकली, लेकीचं काय सांगावं! पोरगी शिकली, शिपिंगच्या ऑफिसात लागली, आणि तिथंच तिला कुशल भेटला. दिवेआगरचा, नारळीपोफळीची वाडी असलेल्या घरातला. वादळात त्यांची निम्मी वाडी आडवी झाली होती तरी माणसं उभी होती. कुशलची आई सुचित्राबाई, निवृत्त शिक्षिका. अशी शांत बाई मी पाहिली नाही. जात वेगळी, रीत वेगळी, पण कुठं नाक मुरडलं नाही.

नाक मुरडलं ते सोनूबाईनं. "लगीन कुठं बी करा. पन पोरगी गावची. मुंडावल्या पावलाईलाच सोडायच्या, आन तिच्या सासूनं हात धरून न्यायची." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिनं पायरीला पाय लावायचा न्हाय. हलदीला बी हात लावायचा न्हाय." एकुलत्या एका लेकीची हळद, आणि आईनं लांबून बघायची. मी ताट आपटलं, हेमाली रडली, म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी मीच गप्प झाले. का, ते सांगते. मला भीती वाटली. समजा मी हळद लावली आणि पुढं पोरीचं काही झालं, तर?

लग्न रविवारचं, हळद शनिवारची. शुक्रवारी दुपारी सुचित्राबाई साड्या घेऊन आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "केसरताई, मंगळवारी घाईत गोंधळ नको. ती जागा मला आज दाखवून ठेवा." मी, हेमाली आणि त्या, तिघी चढलो. पायऱ्यांशी आल्यावर मी थांबले. हेमालीचं लग्न व्हायचं होतं, म्हणून तीही थांबली. सुचित्राबाई चपला काढून, पदर सावरून, मोबाइलचा उजेड लावून आत गेल्या.

मी खाली उभी. आतून आवाज नाही. मग पडदा हलला आणि त्या बाहेर आल्या. नमस्कार करून आलेल्या माणसाचा चेहरा मला अपेक्षित होता. ह्यांचा चेहरा पार उतरलेला. बोटाला लागलेला शेंदूर त्या दगडावर पुसत होत्या, पुसतच होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. खाली जाऊ या."

"विहीणबाई, काय झालं?"

"घरी बोलू."

"साप हाय का आत?"

"नाही हो."

"मग बोला ना! मी तीस वर्षं ह्या पायरीशी उभी आहे. मला लपवाछपवी सहन होत नाही."

त्यांनी हेमालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शाळेतल्या पोराला नापास झाल्याचं सांगावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "मी शाळेच्या सहली पुष्कळ किल्ल्यांवर नेल्या आहेत, केसरताई. अशी जागा मी चारपाच ठिकाणी पाहिली आहे. तटाला लागून, खाली पाणी असेल त्या बाजूला. आत एक कोनाडा आहे, तिथं तुम्ही दिवा ठेवता, तो तांब्या ठेवायचा. वर वारा यायला फट. आणि त्या भोकाला बाहेरच्या बाजूनं उतार आहे." त्या थांबल्या. "हे शौचकूप आहे."

"म्हणजे?"

"संडास. पहाऱ्यावरच्या शिपायांचा."

मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात ते शिरेना. "आणि पावलं?"

"ती पाय ठेवायची जागा. दोन्ही बाजूंना उंच दगड असतात ना, बसताना."

हेमालीनं तोंडावर हात ठेवला. मी सुचित्राबाईंवर भडकले. काय वाट्टेल ते बोलले. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला आमचा देव दिसत नाही, तुम्हाला आमच्यात सगळीकडे घाणच दिसणार. लग्न मोडायचं तर सरळ मोडा. त्या बिचाऱ्या एक शब्द उलट बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "माझं चुकत असेल. तुम्ही स्वतः बघा."

"मी कशी बघू? मी विधवा आहे."

"कशासमोर?" त्या म्हणाल्या.

ते वाक्य माझ्या कानशिलात बसलं. मी चढले. एक, दोन, तीन. पडदा सारला. तीस-तेहतीस वर्षांपूर्वी खाली मानेनं बघितलं होतं, ते आता उजेड टाकून बघितलं. शेंदराचे बोटभर थर होते, पण एकदा डोक्यात शिरल्यावर कसले थर आणि कसलं काय! दोन दगड, मधे खाच. आमच्या घरी दोन हजार पाच साली सरकारी योजनेत बसवलंय, अगदी तसं. तेव्हा ते बघून गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या होत्या, हे काय नवीन! त्यांनी जन्मात असली फरशी बघितली नव्हती. सगळा गाव खारफुटीत जायचा. त्यांच्या आयांना, आज्यांना कोटात पावलं दिसली, त्यांनी हात जोडले. त्यांची काय चूक?

मला हसू फुटलं. असं हसू, की बाहेर हेमाली घाबरून "आई, आई" करायला लागली. तीस वर्षं, गो! तीस वर्षं मला मांडवात उभं केलं नाही, पोरीची स्थळं मोडली, मी स्वतःला नवऱ्याची खुनी समजत जगले. कशापायी? तर शिपायांच्या संडासात माझी मुंडावळ अडकली म्हणून! मी दगडावर हात आपटला. हाताला लागलं. मग हसू गेलं आणि नुसती आग राहिली.

उजेड भोकात टाकला. हातभर खाली आतल्या बाजूला एक दगड पुढं आलेला होता, फळीसारखा. त्याच्यावर धूळ आणि एक कोरडी झेंडूची पाकळी. सरळ खाली काही जाईल अशी वाटच नव्हती. मी काही वेळ बघत राहिले. मग वळताना कोपऱ्यात हात लागला. भिंतीला टेकवून एक बांबू ठेवला होता. अंगठ्याएवढा जाड, माझ्या खांद्याएवढा उंच. हात लागून लागून गुळगुळीत झालेला. टोक हळदीनं पिवळं.

तो घेऊन मी बाहेर आले. "हा कशाला असेल?"

सुचित्राबाईंनी टोकाला बोट लावून बघितलं. "काहीतरी खाली ढकलायला," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे वाडीच्या पाटात पाला अडकला की असंच करतो."

मी पुढं काही ऐकलं नाही. बांबू हातात घेऊन टेकडी उतरले. गावातनं जाताना लोक बघत होते. मागून हेमाली म्हणत होती, "आई, प्लीज, सीन नको करू." सीन! मी तीस वर्षं ह्यांच्या सीनमध्ये उभी होते.

सोनूबाई ओटीवर बसून उद्यासाठी हळकुंडं निवडत होती. ऐंशी पार केलेली बाई, गुडघे गेलेले, पण नजर घारीची. मी बांबू तिच्यासमोर टाकला. सुपातली हळकुंडं उडाली.

"ह्यो काय हाय?"

तिनं बांबू बघितला. मग माझे पाय बघितले. पायांना कोटाची लाल माती होती.

"तू वर गेलीस?"

"गेले."

"कपाल पांढरा आसून वर गेलीस?"

"आधी बांबूचं बोला."

मला वाटलं होतं, बोंब मारेल, शिव्या घालेल, गाव गोळा करेल. तिनं तसलं काही केलं नाही. हळकुंडं एकेक वेचून सुपात टाकली. मग म्हणाली, "दार लोट." मी नाही लोटलं. हेमालीनं लोटलं. सुचित्राबाई बाहेर जायला निघाल्या, तर म्हातारी म्हणाली, "तुमी थांबा. तुमाला तशी बी मंगलवारी सांगनारच व्हते. तुमी आता सासू व्हनार."

मग बांबूकडे बघतच बोलायला लागली. "सगल्यांचीच अडकते. आत दगूड पुढं आलाय, त्याच्यावर बसते. माझी अडकली व्हती. माझ्या सासूची अडकली व्हती. सून भायेर गेली का सासूनं बांबूनं ढकलायची, आन मंग पायरीवर येऊन सांगायचा, गेली. म्हनून तर सासू एकली आत ऱ्हाते. ह्या सासूनं सासूला सांगायच्या गोष्टी. तुला पोरगा न्हाय, तुला कोन सांगनार?"

कोटातला धक्का काहीच नव्हता, असा हा धक्का. मी भिंतीला धरलं. तोंडातून शब्द फुटेना, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही हे त्या घरानं पहिल्यांदाच पाहिलं.

"सगळ्यांची?" मी शेवटी म्हटलं.

"सगल्यांची."

"मग माझी?"

"ढकलली न्हाय."

"का?"

"तू चढताना बोललीस. समद्या बायका हसल्या. मना राग आला. म्हटला, हिला जरा भ्या पायजे. वरीसभर दबून ऱ्हाईल, मंग येईन नि ढकलीन." तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. "तू काय दबली न्हाईस."

तिनं सूप पुढ्यात ओढलं.

"मंग तुझी पोर झाली. मंग मिठाचा हंगाम. आज जाईन, उद्या जाईन. आन मंग काळू गेला. तेराव्याला मी एकलीच वर गेले. फुलां कवाच सुकून गेली व्हती, दोरा तसाच व्हता. तवा ढकलला. तवा गेला." तिची हनुवटी हलायला लागली. "तीस वर्सां मी बोलतेय, हिची अडकली, हिची अडकली. मी अडकवली ह्या एकदा तरी बोलले का? माझा पोरगा मी मारला, केसर. मी बांबू उचलला आसता तर पोरगा आज आसता."

मला तिला मारावंसं वाटलं. उगाच चांगुलपणा कशाला दाखवू? तोच बांबू उचलावा आणि घालावा, असं वाटलं. माझी सगळी जवानी हिनं एका रागापायी खाल्ली, आणि वर मला रोज वाढून दाखवली. सुचित्राबाईंचा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तिच्या तोंडावर फेकायलाच मी तो टेकडीवरून आणला होता. मी फेकला.

"आई, तो संडास हाय."

"कंचा?"

"पावलाई. शिपायांचा संडास. ती पावलं नव्हंत, बसायचे दगड हायत. विचारा ह्या बाईंना."

सुचित्राबाईंनी मान हलवली. म्हातारीनं हेमालीकडे बघितलं. हेमालीनंही हलवली. सोनूबाईचा चेहरा मी वाचायला बघत होते. मला वाटलं, रागावेल, देवीचा कोप सांगेल. तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं. ऐंशी वर्षांची बाई, पण चेहरा माझ्या अंगणवाडीतल्या पोरासारखा झाला, बाजारात आईचा हात सुटलेल्या.

"तिथं देवी न्हाय?"

"देवी जिथं असंल तिथं असो. तिथं न्हाय."

तिचा हात सुपात, पण हळकुंड उचलेना. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मंग माझा काळू कशानं गेला?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारलाच नव्हता. उत्तर आधीच तयार होतं ना!

"ट्रेलर मागं घेताना गेला," मी म्हटलं. "पावसाचा दिवस होता. आरशात पाणी. ड्रायव्हरला तो दिसला नाही, शिट्टी ऐकू गेली नाही. दुसरं काही नाही, आई. तेवढंच."

"म्हंजे मी न्हाय मारला?"

"न्हाय." मी सुपाच्या पलीकडे बसले. "आन मी पन न्हाय."

तिनं माझं मनगट धरलं. मी झटकून टाकणार होते, पण हातच उचलला नाही. आम्ही दोघी त्या सुपाच्या दोन बाजूंना बसून रडलो, एकमेकींकडे न बघता. मी काळूरामसाठी रडले. त्याचं ते 'भोक लहान असंल' आठवून रडले. तो गेला तेव्हा मला रडायला मिळालंच नव्हतं. तेव्हा मी माझी बाजू मांडत बसले होते.

माफ केलं का? नाही. अजून नाही. ते इतक्या लवकर व्हायचं काम नाही, आणि मी काही संत लागून गेले नाही.

शनिवारी मांडव भरला. हेमाली पाटावर बसली, पिवळ्या साडीत. रीतीप्रमाणे हळदीचं ताट पाच सवाष्णींकडे जायला निघालं. मी कोपऱ्यातनं उठले आणि सरळ जाऊन ताटात हात घातला. एका बाईनं दुसरीला कोपर मारलं. कुणीतरी पुटपुटलंच, "आगो, हिची तर अडकलेली..."

"कोन बोलला?"

आवाज सोनूबाईचा. खुर्चीचा हात धरून ती उठत होती. गुडघे साथ देईनात, उष्टी हळद घेऊन आलेल्या सुचित्राबाईंनी खांदा दिला. तिच्या दुसऱ्या हातात तो बांबू होता, काठीसारखा टेकलेला. मांडवात सासवा बसल्या होत्या पंधरावीस. बांबू दिसला आणि त्यांतल्या एकेकीची मान खाली गेली.

"हिची एकलीची अडकली नव्हती," म्हातारी म्हणाली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मी ढकलली न्हाय."

माझा हळदीचा हात हेमालीच्या गालावर तसाच राहिला.